खेड्यातलं घर नेमकं किती जाळतं? सरपण, गॅस आणि वीज एका मापात कशी मोजायची (विदर्भ)

काळी_माती

गावाचा ऊर्जा-सर्व्हे म्हटलं की फॉर्मवर एक रकाना हमखास असतो : ‘स्वयंपाकाचे मुख्य इंधन’. २०११ च्या जनगणनेतही असंच एक मुख्य इंधन विचारलं होतं. समोरची बाई ‘गॅस’ म्हणते, सर्व्हेवाला टिक करतो आणि पुढच्या घराकडे वळतो. त्याच घराच्या मागच्या छपरीत चूल धगधगत असते, तिच्यावर आंघोळीच्या पाण्याचा गुंड (हंडा) आणि बाजूला भाकरीचा तवा. गॅस पेटतो तो सकाळच्या चहाला आणि पाहुणा आला तर. कागदावर मात्र ते घर धूरमुक्त.

म्हणून आधी सगळं एका मापात आणू या. किलोकॅलरी धरली की हिशोब सोपा जातो. कोरडं लाकूड, पराटी (कापसाची वाळलेली झाडं), तुराटी (तुरीच्या वाळक्या काड्या) यांत किलोला साधारण ४००० किलोकॅलरी. गोवरीत राख जास्त, म्हणून अडीच-तीन हजार. सिलिंडरच्या गॅसमध्ये किलोला ११००० च्या आसपास. विजेच्या एका युनिटला ८६०.

ही झाली जळणाऱ्या मालातली उष्णता. भांड्याला लागते ती वेगळी. साध्या मातीच्या चुलीत शंभरातले १० ते १५ भाग भांड्याला लागतात, बाकी धूर, चुलीची माती आणि हवा खाते. गॅसच्या शेगडीला मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के लागतात, पण रोजच्या वापरात बर्नर काजळलेला, भांडं लहान, वारा वाहता, म्हणून ६० धरा.

आता दोन घरं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे पाच माणसं.

पहिलं घर भूमिहीन मजुराचं. रोज ६ किलो काड्या जळतात. ६ × ४००० = २४००० किलोकॅलरी. १२ टक्क्यांनी भांड्याला लागले २८८०.

दुसरं घर पगारदाराचं. महिन्याला एक १४.२ किलोचं सिलिंडर, म्हणजे रोज ४७० ग्रॅम. जळाले सुमारे ५२००, भांड्याला लागले ३१०० च्या वर.

म्हणजे गरीब घर साडेचारपट जास्त जाळतं आणि तरी त्याच्या भांड्याला कमी उष्णता मिळते. नुसती ‘घरटी ऊर्जा’ काढली तर मजूर उधळ्या ठरतो. नुसती बिलं आणि सिलिंडरच्या पावत्या जोडल्या तर त्याचा वापर जवळजवळ शून्य दिसतो. दोन्ही आकडे फसवे आहेत. ‘जाळलेली’ आणि ‘लागलेली’ असे दोन रकाने ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जाणकारांनी भर घालावी. जिल्ह्यागणिक फरक फार आहे, ते विशेष हवं.

वैनगंगाकाठ

धागा योग्य वेळी काढलात. मोजणीची पद्धत देतो, कारण ‘रोज किती लाकूड लागतं?’ असं तोंडी विचारलं की ‘एक मोळी’ असं उत्तर येतं, आणि मोळी १५ किलोचीही असते, २५ चीही.

५० किलोचा लटकता काटा घ्या. सकाळी चूल पेटायच्या आधी घरात असलेला सरपणाचा ढीग बाजूला काढून त्याचं वजन करा. घरच्यांना सांगा की आजचा दिवस याच ढिगातून घ्यायचं, नवीन आणलं तर वेगळं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं मोजा. असे सलग किमान तीन दिवस, त्यात आठवडी बाजाराचा एक दिवस यायला हवा, कारण त्या दिवशी संध्याकाळी रांधणं वेगळं असतं. अर्धवट जळालेली लाकडं विझवून परत ढिगात टाकतात, तीही काट्यावर घ्या. नाहीतर दिवसाला पाऊण-एक किलोची चूक सहज होते.

माणशी वापर काढताना नुसती डोकी मोजू नका. रूढ पद्धतीत १५ ते ५९ वयाचा पुरुष १, बाई ०.८, चौदा वर्षांपर्यंतचं मूल ०.५ आणि साठीवरचा पुरुष ०.८ असं धरतात. (बाईला ०.८ धरणं मला पटत नाही, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. पण दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर तेच माप ठेवावं लागतं.) मोठ्या एकत्र कुटुंबात माणशी सरपण कमी लागतं. चूल तापायला लागणारी उष्णता तीनजणांना जेवढी, तेवढीच नऊजणांना. नवराबायको दोघंच असलेलं म्हाताऱ्यांचं घर माणशी सर्वांत जास्त जाळतं, ते उधळे आहेत म्हणून नव्हे.

ओल हा दुसरा घोळ. ऑगस्टमध्ये मोजलेल्या लाकडात वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा पाणीच असू शकतं. काटा ८ किलो दाखवतो, त्यात खरं लाकूड साडेपाच-सहा, आणि आतलं पाणी वाफ करण्यात आणखी उष्णता जाते. ओलावा मोजायचं लहान यंत्र मिळतं, खिळ्यासारख्या दोन सुया लाकडात खुपसायच्या. काडी मधून तोडून ताज्या तोंडावर खुपसा, वरच्या सालीवर नको. यंत्र नसेल तर एक किलोची जुडी बांधून चुलीजवळ आठ दिवस वाळवा आणि परत वजन करा.

आणि पूर्व विदर्भाचा मुद्दा. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत जे लाकूड जळतं त्यातलं बरंचसं स्वयंपाकाचं नसतं. अंथरूण-पांघरूण कमी, कुडाच्या भिंतीतून वारा येतो, म्हणून ओंडका रात्रभर धुमसत ठेवतात. ते ‘स्वयंपाक’ या रकान्यात टाकलं की उत्तर बिघडतं. ऊब देणारी आग वेगळ्या रकान्यात मोजा.

पराटीचा_भारा

वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्याकडं जंगल हाय, आमच्याकडं पराटी हाय. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात गरिबाची चूल पराटीवर चालते. तेचा हिशोब लिवतो.

कोरडवाहू कापसाच्या एका एकरात वाळलेली पराटी साधारण ८ ते १० क्विंटल निंगते. रोज ६ किलो धरली त एका एकराची पराटी साडेचार-साडेपाच महिने पुरते. ज्याच्या घरी वावर नाई, तो शेतमालकाच्या वावरातली पराटी चिमट्यानं उपटून देते, मजुरीत पैसे नाई घेत, पराटी घेऊन जाते. हा जुना व्यवहार हाय. जमीन एकाची, इंधन दुसऱ्याचं.

आता तो व्यवहार तुटून राह्यला. ट्रॅक्टरवाला श्रेडर लावते, दोन तासात पराटीचा भुगा करून वावरातच टाकते. जमिनीले चांगलं हाय, खत होते. कृषी विभाग बी तेच सांगते, कारण पराटीत अन् उरलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी राहते, अन् घराजवळ रचलेल्या गंजीतून पुढच्या हंगामात पतंग निंगतात. म्हणून फरदड (त्याच झाडाचा दुसरा कापूस) घेऊ नका, पराटी साठवू नका, असं सांगतात. सांगणं खरं हाय. पण भूमिहीनाची पाच महिन्याची चूल कोणत्या रकान्यात धरसान?

मधला रस्ता हाय. पराटी आणली का तिची बोंडं अन् कवड्या तोडून आधी जाळून टाकाव्या, कारण अळी त्यातच राहते. उरल्या काड्या हातभर तुकडे करून रचाव्या, अन् एप्रिल-मे च्या उन्हात वरून मोकळ्या ठेवाव्या. अख्खी गंजी झाकून ठेवली त अळी सुखात राहते. पावसाळ्याच्या आंधी संपवून टाकली त लयच चांगलं.

तुराटी लवकर पेटते अन् लवकर इझते. भाकरीले चांगली, डाळ शिजवाले नाई. डाळीले बाभूळ नाईतर पराटीची बुडखी पाह्यजे. हे फॉर्मवर नाई येत, पण घरातली बाई इंधन असं वाटून वापरते.

मीटरबोर्ड

विजेचं मी लिहितो.

दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती वर्गाची अट बघा. मंजूर भार ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत. म्हणजे सरासरी महिन्याला ३० युनिट. आता साध्या घराची बेरीज करू.

९ वॅटचे दोन एलईडी, रोज ६ तास : महिन्याला सव्वातीन युनिट.
मोबाईल चार्जिंग : एक युनिटही नाही.
जुना ७५ वॅटचा पंखा, रात्रीचे १२ तास : २७ युनिट.

इथेच ३० ओलांडले. टीव्ही अजून लावलाच नाही. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पंखा १२ तासांवर थांबत नाही, दिवसाही चालतो. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर २० तास, म्हणजे एकट्या पंख्याचे ४५ युनिट. ही अट राज्यभर एकच आहे. थंड हवेच्या गावात ती पाळता येते, विदर्भाच्या उन्हाळ्यात एक जुना पंखा ती मोडतो, आणि वर्षाची बेरीज ३६० वर गेली की घर सवलतीच्या वर्गातून बाहेर पडतं.

उपाय आहे आणि तो पक्का आहे. बीएलडीसी पंखा, २८ ते ३२ वॅट. १२ तासांना महिन्याचे ११ युनिट. किंमत साध्या पंख्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ज्याला गरज सर्वांत जास्त त्याच्याकडेच ती रक्कम एकदम नसते. एलईडी बल्ब २०१५ पासून स्वस्तात वाटले गेले, पण खेड्यातल्या छोट्या घराची खरी वीज पंख्यात जाते. पंखे तसेच वाटले असते तर या ३० युनिटच्या घरांना बल्बपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

दुसरं, बिलाच्या स्लॅबचा (दराच्या टप्प्यांचा) गैरसमज. ‘१०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दराने लागतं’ असं गावोगावी बोलतात. तसं नाही. २०२४-२५ च्या दरांत पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये अधिक वहन आकार १.१७, म्हणजे ५.८८. १०१ ते ३०० या टप्प्याला १०.२९ अधिक १.१७, म्हणजे ११.४६. महाग दर फक्त वरच्या युनिटांना. १३० युनिटचे ५८८ अधिक ३४४, असे ९३२ रुपये. त्यावर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क.

खरं नुकसान होतं ते रीडिंग चुकल्यावर. दोन महिन्यांचे १८० युनिट एका महिन्याचे समजून लावले तर १५०५ रुपये. महिना ९० याप्रमाणे लावले तर १०५८. फरक साडेचारशेचा. बिलावर ‘मागील रीडिंग’ची तारीख बघायची, किती महिन्यांचं बिल आहे ते मोजायचं, आणि स्लॅबचा लाभ तितक्या महिन्यांना मिळालाय का ते तपासायचं. कापूस वेचायला, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. घर बंद, रीडिंग नाही, सरासरी बिल, आणि परत आल्यावर एकदम मोठा आकडा. तो भरला नाही की वीज तुटते, थोड्या महिन्यांनी पीडी होते (जोडणी कायमची बंद) आणि सर्व्हेत ते घर ‘वीज नाही’ म्हणून येतं. घरात वायरिंग असतं, बल्ब असतो, भिंतीवर मीटरची खूण असते.

रानजाई

मीटरच ‘पळतं’ अशी तक्रार प्रत्येक गावात असते. ते घरच्या घरी तपासता येतं का?

मीटरबोर्ड

येतं. मीटरवर ‘3200 imp/kWh’ असं लिहिलेलं असतं, काहींवर १६००. लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लग काढा. फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा मिनिटं लावा. ३२०० च्या मीटरवर सुमारे ५३ वेळा लुकलुकलं पाहिजे. ५० ते ५६ आलं तर मीटर ठीक. व्होल्टेज कमी असेल तर आकडा कमीच येईल, कारण बल्ब १०० वॅट घेतच नाही. व्होल्टेज १० टक्के पडलं की बल्बचा वापर सुमारे १५ टक्के पडतो. म्हणून ही चाचणी रात्री उशिरा करावी.

सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर घराच्या वायरिंगमध्ये गळती असू शकते. ओल्या भिंतीतून गेलेली जुनी वायर, नाहीतर टिनाला टेकलेली. तिथे बिलापेक्षा जीवाचा प्रश्न मोठा आहे, आधी मेन बंद करा.

डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या टोल्याला (वस्तीला) संध्याकाळी १६०-१७० व्होल्ट मिळतात. एलईडीला फरक पडत नाही, पंखा मंद फिरतो, फ्रीजचा कंप्रेसर मात्र सुरू व्हायला जोर करतो, गरम होतो आणि जळतो. गावाच्या मध्यातल्या घराचा फ्रीज दहा वर्षं टिकतो आणि टोकाच्या घराचा तीन, तो याच कारणाने. टोकाला बहुधा कोणाची घरं असतात हे वेगळं सांगायला नको.

पूर्णाकाठ

कूलरचं राहिलं. विदर्भात उन्हाळ्याची वीज म्हणजे कूलर.

लोखंडी बॉडीचा गावठी कूलर पंखा आणि पंप धरून सुमारे २०० वॅट घेतो. रोज १० तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. दीड टनाचा एसी कंप्रेसर चालू असताना दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण कूलर पाणीही पितो, भर मे महिन्यात तासाला ८-१० लिटर. दिवसाला १०० लिटर. नळाचं पाणी असलेल्या घराला ते दिसत नाही. हापशीवरून आणणाऱ्या घरात तेच सहा-सात गुंड होतात, आणि ते डोक्यावरून येतात. या मेहनतीला ऊर्जेच्या कोणत्याच फॉर्मवर रकाना नाही.

आमच्या खारपाणपट्ट्यात (अमरावती, अकोला, बुलडाणा, पूर्णेच्या दोन्ही अंगांना) आणखी एक. पाणी खारं. ते उडून जातं, क्षार मागे राहतो. पंधरा दिवसांत ताटीवर (कूलरच्या बाजूच्या गवती जाळीवर) पांढरी खपली धरते, हवा अडते, पंपाचं तोंड बुजतं. मोटर तेवढीच वीज घेते आणि गारवा निम्मा. टाकीत रोज वरून नुसतं पाणी भरत राहिलं की खारटपणा वाढतच जातो. म्हणून चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची. ताट्या दर उन्हाळ्याला नव्या, कधी एकाच उन्हाळ्यात दोनदा.

पाणी तापवायच्या रॉडवरही तोच थर बसतो. इथे एक गैरसमज आहे की थरामुळे वीज जास्त लागते. रॉडची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, युनिट फारसे वाढत नाहीत. पण थराखाली कॉइल बेसुमार तापते आणि रॉड फुटतो. फुटलेला रॉड पाण्यात वीज सोडतो. निंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून थर काढा, प्लग काढलेला असताना.

छप्पर हा अर्धा हिशोब आहे. जुन्या कवेलूच्या (कौलारू) घरात खापऱ्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पण वानरं कवेलू फोडतात, दर साली फेराई करावी लागते, फेरणारा माणूस मिळत नाही, म्हणून लोक टिनावर गेले. टिन दुपारी भट्टी होतं, रात्री नऊपर्यंत निवतं. घरकुलाचा स्लॅब उलटा : दिवसभर ऊन पितो आणि रात्री एकपर्यंत खाली सोडतो. म्हणून स्लॅबच्या घरात रात्रीचा कूलर जास्त वेळ चालतो. स्लॅबवर चुना उत्तम. रात्रभर भिजवलेला चुना, गाळून, फेव्हिकॉल मिसळून, दोन हात, मार्च संपायच्या आत. टिनावर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे उन्हाचा पांढरा रंग नाहीतर वर तुराट्या-पराट्यांचा थर. थर आगीला निमंत्रण देतो, चुलीची छपरी त्याच टिनाखाली असेल तर मुळीच टाकू नका.

जुलैनंतर हवेत ओल आली की कूलर थंड करत नाही, नुसता दमट करतो. तेव्हा पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवावा.

काळी_माती

फार मोलाचं लिहिलंत सर्वांनी. गॅस घेऊनही चूल का विझत नाही, याचं उत्तर मला आंघोळीच्या पाण्यात दिसतं. हिशोब असा :

हिवाळ्यात माणशी २० लिटर पाणी, २० अंशांवरून ४५ वर. ५०० किलोकॅलरी. पाच माणसांचे २५००. हे गॅसवर ६० टक्क्यांनी काढलं तर रोज ३८० ग्रॅम गॅस, महिन्याला साडेअकरा किलो. म्हणजे नुसत्या आंघोळीला जवळजवळ सगळं सिलिंडर! सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर पाच माणसांना वर्षाला आठ-नऊ सिलिंडर लागतात. पाणीही त्यावरच तापवलं तर हिवाळ्यात दर महिन्याला दीड. कोणतीही शहाणी गृहिणी हे करणार नाही. ती पाणी चुलीवरच ठेवणार, आणि चूल पेटलीच आहे तर भाकरीही तिथेच.

२०१६ पासून उज्ज्वलामुळे शेगडी घराघरात पोचली हे मोठं काम झालं. अनुदान (२०२५-२६ मध्ये ३०० रुपये) नंतर खात्यात येतं, पण आधी पूर्ण किंमत हातात हवी. मजुरी आठवड्याच्या बाजाराला मिळते आणि सिलिंडर एकरकमी घ्यावं लागतं. ५ किलोचं छोटं सिलिंडर याचसाठी आहे, ते जोडणीवर बदलून मागता येतं हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मेळघाट_ढाणा

धारणी-चिखलदऱ्याचं थोडं. चिखलदरा ११०० मीटरवर. तिथे पाणी सुमारे ९६ अंशांना उकळतं, म्हणून उघड्या गंजात (पातेल्यात) तुरीची डाळ सपाटीपेक्षा जास्त वेळ घेते. कुकर तिथे चैनीची वस्तू नाही, सरपण वाचवायचं साधन आहे. डाळ रात्री भिजत घातली तरी मोठा फरक पडतो.

कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. मधल्या काळात सर्व्हे केला तर ढाण्यात (त्यांच्या वस्तीत) म्हातारे आणि लहान मुलं सापडतात, आणि वापर अर्धा निघतो. मे, ऑगस्ट आणि होळीच्या आठवड्यात, असं तीनदा मोजायला हवं.

वैनगंगाकाठ

जातवार तक्ता करणाऱ्यांना एक सूचना. ‘अनुसूचित जमाती : लाकूड जास्त’ असं लिहून थांबलात तर वाचणाऱ्याला वाटेल ही सवय आहे. जातीच्या रकान्याशेजारी पाच गोष्टी लिहा : स्वतःची जमीन, जनावरं, घराच्या जागेचा कागद, डीपीपासूनचं अंतर, रोख मजुरी महिन्यातले किती दिवस. बहुतेक फरक तिथेच उलगडतो. ज्याला जमीन त्याला पराटी-तुराटी, ज्याला जनावरं त्याला गोवऱ्या, ज्याला दोन्ही नाही त्याला जंगल नाहीतर बांधावरची बाभूळ, आणि तिथे मालकाची बोलणी.

यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी भागातले कोलाम पोड, पुसद-दिग्रसकडचे बंजारा तांडे, पारधी बेडे, गावाबाहेरच्या टोल्या. इथे मीटरचा अर्ज बहुधा ‘जागा अतिक्रमणाची, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) नाही’ म्हणून अडतो. वीज कायदा २००३ चं कलम ४३ मालकासोबत ‘ताबेदारा’लाही वीजपुरवठा मागण्याचा हक्क देतं. अर्जात ते कलम लिहा, राहत्या पत्त्याचा पुरावा जोडा आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.

जिथे तार पोचली नाही तिथे सौभाग्य योजनेत सौर संच दिले होते : २०० ते ३०० वॅटचं पॅनल, पाच एलईडी, एक डीसी पंखा, एक प्लग, पाच वर्षांची देखभाल. ती पाच वर्षं संपली. पॅनल पंचवीस वर्षं चालतं, आधी मरते ती बॅटरी. पाण्याची बॅटरी असेल तर महिन्याला पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हापशीचं पाणी घातलं की बॅटरी गेली. डीसी पंख्याच्या जागी कोणी इन्व्हर्टर लावून साधा ७५ वॅटचा पंखा जोडला तर बॅटरी रोज तळाला जाते आणि वर्षभरात फुगते. सर्व्हेत ‘सौर संच आहे’ याच्या पुढे ‘रात्री दहाला चालू असतो का?’ हा प्रश्न जोडा.

जंगलाच्या हक्काचंही लिहायला हवं. मध्य प्रांताच्या काळापासून इथे ‘निस्तार’ हा शब्द आणि हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये तो नावानिशी आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. जिथे ग्रामसभा जंगल सांभाळते तिथे कोणती वाळकी लाकडं कुठून आणायची हे गाव ठरवतं, बाईला कोणापासून लपावं लागत नाही. आणि जिथे जंगल वाघाचं आहे, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे, तिथे सरपण हा जीवाचा प्रश्न आहे. पहाटे एकटीने जाऊ नये, वाकून काड्या वेचताना दोघींनी तरी उभं राहून नजर ठेवावी, हे तिथल्या बायकांना कोणी शिकवायची गरज नाही. व्याघ्रप्रकल्पाशेजारच्या गावांत वनविभागाच्या जन-वन योजनेतून गॅसला मोठं अनुदान मिळतं. पण वर काळी_माती यांनी मांडलेला आंघोळीच्या पाण्याचा हिशोब तिथेही लागू आहे. त्यामुळे गॅस देऊनही बाई जंगलात जाते, ती पाण्यासाठी. तिथे गॅसच्या बरोबरीने सौर बंब दिला पाहिजे.

गोबरगॅस

चार-पाच जनावरं दावणीला असतील तर सगळ्यात चांगला पर्याय. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, तेवढंच पाणी. एका घनमीटरात अंदाजे ४३० ग्रॅम सिलिंडर-गॅसइतकी उष्णता, म्हणजे दोन घनमीटरचे रोज ८५० ग्रॅम. महिन्याला पावणेदोन सिलिंडर.

बंद पडतात ती कारणं ठरलेली. काळ्या मातीत खड्डा केला आणि तीच माती घुमटाभोवती परत भरली. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घुमटाला बारीक तडा जातो आणि गॅस निसटतो. सभोवती हातभर मुरूम भरायचा, थोडं थोडं पाणी मारून दाबत. दुसरं, पाइपात साचलेलं पाणी : ज्योत फडफडते, लोकांना वाटतं गॅस संपला. पाइपाला एका बाजूला उतार द्या आणि खालच्या टोकाला पाणी सोडायची तोटी ठेवा. तिसरं, शेणात कुटार (भुसा) आणि माती जाते, वर साय धरते. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा कोमट पाण्याने कालवायचं. शेगडी बायोगॅसचीच हवी, तिचं भोक मोठं असतं. सिलिंडरच्या शेगडीवर ज्योतच धरत नाही.

जनावरं कमी होत चालली, ट्रॅक्टर आला, म्हणून जुनी संयंत्रं उपाशी पडली आहेत. दोन जनावरांवर दोन घनमीटरचं संयंत्र बांधू नका, एकाचंच बांधा.

रानजाई

ज्यांच्याकडे जनावरं नाहीत आणि सिलिंडरही वर्षाला दोनच परवडतात, त्यांच्या चुलीचं काय? निर्धूर चुली कितीतरी घरांत बांधल्या आणि लोकांनी फोडल्या.

वैनगंगाकाठ

रानजाई ताई, फोडल्या त्याला कारणं आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली तेव्हापासूनचा हा अनुभव आहे की चूल घरातल्या भांड्यांच्या मापाने बांधली तरच टिकते. भोक गंजाहून मोठं असलं की बाजूने धूर येतो. लहान असलं की भांडं अधांतरी बसतं आणि डाळ शिजत नाही. म्हणून बांधायच्या आधी घरातला सर्वांत मोठा गंज आणि रोजचा तवा मागून घ्या, ओल्या मातीवर फिरवून तोंड घडवा. लाकूड घालायचं तोंड पराटीच्या मापाचं ठेवा. लांब काड्या तशाच आत सरकतात, तोडाव्या लागत नाहीत.

धुराडं चार इंची, छपराच्या वर हातभर तरी हवं, आणि टिनातून जाताना भोवती मातीचा गठ्ठा, म्हणजे लाकडी फाट्याला आग लागत नाही. पंधरा दिवसांनी काठीला चिंधी बांधून काजळी काढायची. काजळी भरली की धूर घरात परततो, आणि चूल फोडली जाते ती त्याच आठवड्यात. दोन भांड्यांच्या चुलीत दुसऱ्या भोकावर कायम पाण्याचा गुंड ठेवा. त्या भोकावर येतो तो धुरासोबत वाया जाणारा ताप. त्यावर आंघोळीचं पाणी फार गरम होणार नाही, कोमट होईल, पण चूल वेगळी पेटवावी लागणार नाही.

काळी_माती

फॉर्म दुरुस्त करतोय. ‘मुख्य इंधन’ काढून टाकलं. त्या जागी कामं : भाकरी, डाळ-भाजी, चहा, आंघोळीचं पाणी, शेक, उजेड, हवा. प्रत्येक कामापुढे कालच्या दिवसात काय जाळलं, किती, आणि ते कोणी आणलं. विजेसाठी बिलाऐवजी मीटरचं रीडिंग आपणच तीन दिवस घ्यायचं. पंख्याचे वॅट पात्यांच्या मधल्या पाटीवर असतात, ते लिहायचे. पाटी पुसली असेल तर मीटरबोर्ड यांची लुकलुकण्याची पद्धत वापरायची. ओलाव्याचा रकाना सरपणाच्या वजनाला लागूनच.

पराटीचा_भारा

भाऊ, ‘कोणी आणलं’ याच्या पुढं ‘किती येळ लागला’ बी टाका. अन् काटा नेसान त गावातल्या बायकाइले आंधी दाखवा, तेइच्या हातानं टांगू द्या. मंग आकडे खरे येतात.